वाचकांचे प्रश्न : ग्रीक शोकात्मिकेतील कोरस

प्रश्न : आम्ही इंदूरमधील काही हौशी रंगकर्मी प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ मराठीतून बसवत आहोत. तालमी तुकोगंजातील एका सभागृहात सुरू आहेत आणि प्रयोग दिवाळीनंतर करण्याचा विचार आहे. संहितेचे वाचन करताना दोन प्रवेशांच्या मध्ये येणारी कोरसची, म्हणजे समूहाने गाणाऱ्या-बोलणाऱ्या पात्रांची, लांबलचक पदे कथानक अडवून धरतात, असे बहुतेकांना वाटले. ही पदे सरसकट गाळावीत आणि क्रेऑन व अँटिगनी यांच्या संघर्षावरच नाटक उभे करावे, असे आमच्यातील ज्येष्ठांचे मत आहे. कोरस मुळात कशासाठी असतो, आणि तो काढून टाकला तर नाटकाचे नेमके काय बिघडते? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ज्यांनी हे नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. थीब्ज नगरीच्या सत्तेसाठी ईडिपसचे दोन मुलगे एकमेकांशी लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. नवा राजा क्रेऑन हा त्यांचा मामा. तो नगराच्या बाजूने लढलेल्या एतिओक्लीजला सन्मानाने मूठमाती देतो, पण शत्रूचे सैन्य घेऊन चालून आलेल्या पॉलिनायसिजचे प्रेत उघड्यावर टाकावे आणि जो कोणी त्याला माती देईल त्याला मृत्युदंड द्यावा, अशी आज्ञा काढतो. बहीण अँटिगनी ही आज्ञा मोडते, पकडली जाते आणि तिला जिवंतपणी एका गुहेत कोंडले जाते. क्रेऑनचा मुलगा हेमॉन याच्याशी तिचे लग्न ठरलेले असते. अखेरीस अँटिगनी, हेमॉन आणि क्रेऑनची पत्नी युरिडिसी, तिघेही आपल्या हातांनी आयुष्य संपवतात.

या नाटकातील कोरस हा थीब्जमधील वृद्ध नागरिकांचा आहे आणि तो तिथे सहज जमलेला नाही. क्रेऑनने त्यांना मुद्दाम बोलावून घेतले आहे. ईडिपसचा बाप लायस याच्या काळापासून राजघराण्याशी तुम्ही एकनिष्ठ राहिला आहात, म्हणून सर्वांतून तुम्हांलाच बोलावले, असे तो त्यांना आल्याआल्या सांगतो. म्हणजे नव्या राजाला आपल्या पहिल्याच आज्ञेसाठी नगरातील जुन्याजाणत्यांची संमती हवी आहे. ते ती देतात, पण कशी देतात हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मेलेल्यांविषयी आणि जिवंत असलेल्या आम्हा सर्वांविषयी हवा तो कायदा करण्याचा तुला अधिकार आहे, एवढेच ते म्हणतात. आज्ञा योग्य आहे, असे ते म्हणत नाहीत. पहारेकऱ्यांवर देखरेख ठेवा, असे क्रेऑनने सुचवताच हे काम तरुणांवर सोपव म्हणून ते अंग काढून घेतात. एखाद्या कुटुंबातील कलह आणि एखाद्या नगरावर आलेले संकट यांतील फरक इथेच, या सावध शब्दांत पडतो. आज्ञा जाहीर झाली आहे, तर ती कोणापुढे जाहीर झाली? कोरस काढल्यावर या प्रश्नाला रंगमंचावर उत्तरच उरत नाही.

पुढे अँटिगनी पकडून आणली जाते तेव्हा ती क्रेऑनला सांगते की इथे उभे असलेले सगळे माझ्या कृत्याला मान्यता देतील, पण भीतीने त्यांच्या तोंडाला कुलूप लागले आहे. थीब्जमध्ये असा विचार करणारी तू एकटीच आहेस, असे क्रेऑन म्हणतो. त्यावर, यांनाही हेच दिसते आहे, पण तुझ्यापुढे ते तोंड आवरतात, असे ती सुनावते. हे बोलताना ती ज्यांच्याकडे पाहते ते रंगमंचावर समोर उभे आहेत, त्यांनी हे ऐकले आहे आणि तरीही ते गप्प आहेत. काही वेळाने हेमॉनही बापाला सांगतो की नगर आतल्या आत या मुलीसाठी हळहळते आहे. प्रेक्षकाने हे खरे मानावे की खोटे, याचा निर्णय तो कोरसकडे पाहूनच करू शकतो. आपण कोरस गाळलात तर अँटिगनीचे वाक्य हवेत राहील आणि हेमॉनचे म्हणणे ऐकीव बातमी ठरेल.

कोरस केवळ पाहतो आणि गातो, त्याच्यामुळे काही घडत नाही, हा समज आपल्याकडे फार पसरला आहे. ‘अँटिगनी’मध्येच त्याला छेद देणाऱ्या दोन जागा आहेत आणि दिग्दर्शकाने त्या हातच्या जाऊ देऊ नयेत. हेमॉनशी भांडण झाल्यावर संतापलेला क्रेऑन अँटिगनी आणि तिची बहीण इस्मेनी या दोघींना मारण्याची भाषा करतो, तेव्हा कोरस एकच प्रश्न विचारतो : दोघींनाही मारण्याचा तुझा विचार आहे काय? क्रेऑन थबकतो, तुमचे म्हणणे बरोबर आहे असे म्हणतो, आणि जिने प्रेताला हात लावला नाही तिला सोडतो. इस्मेनीचा जीव वाचतो तो या एका ओळीमुळे. वाचनात ही ओळ सहज निसटून जाते.

दुसरी जागा याहून भीषण आहे. अंध द्रष्टा टायरेसिअस शाप उच्चारून निघून गेल्यावर क्रेऑनचा ताठा मोडतो. मी काय करू ते सांगा, मी ऐकेन, असे तो या वृद्धांना म्हणतो. ते त्याला स्पष्ट क्रम सांगतात : आधी जा, गुहेतून मुलीला सोडव, आणि मग उघड्यावर पडलेल्यासाठी थडगे बांध. त्वरा कर, देवांकडून येणारा अनर्थ वाट पाहत नाही, असेही ते बजावतात. क्रेऑन निघतो. पण नंतर दूत जे वर्णन करतो त्यावरून कळते की क्रेऑन आणि त्याची माणसे आधी पॉलिनायसिजच्या प्रेताकडे गेली. त्यांनी त्याला स्नान घातले, उरलेसुरले अवशेष जाळले, त्यावर मातीचा उंच ढीग रचला आणि त्यानंतर ती गुहेकडे वळली. तोपर्यंत अँटिगनीने गळफास घेतला होता. क्रेऑनने सल्ला मानला, पण उलट क्रमाने मानला. सोफोक्लीज याकडे कुठेही बोट दाखवत नाही. कोरसचे शब्द ज्याने लक्ष देऊन ऐकले असतील त्यालाच दूताचे वर्णन ऐकताना धस्स होते. ते शब्दच संहितेतून गेले तर क्रेऑनचा उशीर हा निव्वळ दैवयोग वाटू लागतो.

आता पदांविषयी, कारण आपला मुख्य आक्षेप त्यांच्यावर आहे. क्रेऑन मुलीला सोडवायला निघाला आहे, आशेला जागा निर्माण झाली आहे, आणि त्या क्षणी कोरस डायोनिसस या देवाला आळवणारे आनंदाचे पद गातो. ये, आमच्या नगराला रोगातून मुक्त कर, असे ते आवाहन आहे. पद संपते आणि लगेच दूत मृत्यूची बातमी घेऊन प्रवेश करतो. हे पद काढले तर कथानक थोडे लवकर पुढे सरकेल, पण प्रेक्षकाला वर चढवून खाली आणण्याची नाटककाराची युक्ती वाया जाईल. मनुष्याच्या थोरवीचे सुप्रसिद्ध पदही असेच जागेवर बसवलेले आहे. माणूस समुद्र ओलांडतो, जमीन नांगरतो, पक्षी, मासे आणि पशू यांना आपल्या जाळ्यात ओढतो, भाषा आणि विचार त्याने स्वतः कमावले, फक्त मरणातून त्याला वाट सापडत नाही, असे म्हणत ते पद अखेरीस कायदा मोडणाऱ्यावर येते, अशा माणसाला माझ्या चुलीपाशी थारा नको असे म्हणते, आणि नेमक्या त्याच क्षणी पहारेकरी अँटिगनीला घेऊन येतो. ज्याला थारा नको म्हटले तो गुन्हेगार म्हणजे राजघराण्यातील ही मुलगी, हे पाहून म्हाताऱ्यांची वाचा बसते. पद आणि प्रवेश यांचा असा सांधा असताना त्यांना वेगवेगळे समजणे बरोबर नाही.

तेव्हा माझे स्पष्ट मत असे आहे की कोरस गाळू नये. काटछाट अपरिहार्यच असेल तर डॅनी, लायकर्गस आणि क्लिओपात्रा यांच्या पुराणकथा सांगणारे उत्तरार्धातील पद आपण आखडते घेऊ शकता, कारण त्यातील संदर्भ आपल्या प्रेक्षकाला अपरिचित आहेत. मात्र संवादांतील कोरसची एकही ओळ कमी करू नका. अँटिगनी गुहेकडे निघते तेव्हा तिच्या आणि कोरसच्या आलटूनपालटून येणाऱ्या विलापाला तर हातच लावू नका. त्या प्रसंगात ती सहानुभूती मागते आहे आणि ते तिची स्तुती करता करता, तुझ्याच हट्टी स्वभावाने तुझा घात केला, असेही तिला ऐकवतात. माझी थट्टा होते आहे, असे तिला वाटते. मरणाच्या दारात उभी असलेली मुलगी आणि तिला धड धीरही देऊ न शकणारे तिचे नगर यांच्यातील हे अंतर मला सबंध नाटकात सर्वांत दुःखद वाटते.

प्रश्न : कोरस म्हणजे ‘आदर्श प्रेक्षक’ होय आणि त्याच्या मुखातून नाटककार स्वतःचे मत सांगतो, असे आम्हांला महाविद्यालयात शिकवले गेले. आपण मात्र कोरसला एक पात्र मानता असे दिसते. यांतील ग्राह्य काय? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : ‘आदर्श प्रेक्षक’ ही कल्पना जर्मन समीक्षक ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मांडली आणि पाठ्यपुस्तकांनी ती उचलून धरली. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेने १८७२ मध्ये शोकात्मिकेच्या जन्मावर लिहिताना तिच्यावर आक्षेप घेतला, आणि तो मला पटतो. प्रेक्षक आपल्यासमोर कलाकृती आहे हे जाणून बसलेला असतो, पण कोरसच्या दृष्टीने समोरचे सारे खरे असते. प्राचीनांपैकी अॅरिस्टॉटलचे मत तर अगदी निःसंदिग्ध आहे. कोरसला नटांपैकी एक समजावे, तो संपूर्ण रचनेचा भाग असावा आणि त्याने कृतीत वाटा घ्यावा, युरिपिडीज या नाटककाराप्रमाणे नव्हे तर सोफोक्लीजप्रमाणे, असे तो ‘काव्यशास्त्रा’त म्हणतो. कोणत्याही नाटकात चालतील अशी सुटी पदे घालण्याची प्रथा अॅगॅथॉन या नाटककाराने सुरू केली, अशी तक्रारही तो तिथेच नोंदवतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्णिलेला कोरस पुष्कळदा या उतरत्या काळातील कोरस असतो.

कोरस हा नाटककाराचा आवाज नाही, हे पटवण्यासाठी मी एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या ‘अगॅमेम्नॉन’मधील एक प्रसंग देतो. हे नाटक इ.स.पू. ४५८ मधील आहे. ट्रॉय जिंकून आलेल्या राजाला त्याची पत्नी क्लायटेम्नेस्ट्रा महालात नेते आणि आतून त्याची किंकाळी ऐकू येते : मला प्राणघातक वार लागला! बाहेर अर्गोसचे वृद्ध उभे आहेत. आतापर्यंत एका सुरात गाणारा हा कोरस त्या क्षणी फुटतो आणि एकेक जण दोन-दोन ओळी बोलू लागतो. पहिला म्हणतो, नागरिकांना हाक देऊन महालाकडे बोलावू. दुसरा म्हणतो, आत्ताच आत घुसू आणि रक्ताळलेल्या तलवारीसह त्यांना पकडू. कोणी म्हणतो, ही जुलमी सत्तेची सुरुवात आहे. कोणी म्हणतो, असल्या सत्तेखाली जगण्यापेक्षा मरण बरे. एकाला वाटते, मेलेल्याला शब्दांनी कसे उठवणार? शेवटचा म्हणतो, आधी राजाचे काय झाले ते नक्की कळू द्या. एवढ्यात दरवाजा उघडतो आणि पती आणि त्याने ट्रॉयहून बंदिवान म्हणून आणलेली कसांड्रा यांच्या प्रेतांजवळ उभी असलेली राणी दिसते. अशी बारा द्विपदी भाषणे होतात, आणि एस्किलसच्या कोरसमध्ये बारा जण असत या मताला त्यातून मोठा आधार मिळतो. या बारांपैकी एस्किलसचे मत कोणाचे? एकाचेही नाही. चांगल्या माणसांचा समूह ऐन वेळी कसा हतबल होतो, हे त्याला दाखवायचे आहे.

युरिपिडीज या हतबलतेला आणखी पुढे नेतो. इ.स.पू. ४३१ मधील ‘मीडिआ’मध्ये कोरिंथच्या स्त्रियांचा कोरस आहे. नवऱ्याने टाकलेल्या मीडिआला त्या आरंभीच गप्प राहण्याचे वचन देऊन बसतात, आणि हे वचन पुढे त्यांच्या गळ्याशी येते. ती पोटच्या मुलांना मारणार हे कळल्यावर त्या विनवतात, विरोध करतात. आतून मुलांच्या किंकाळ्या येतात तेव्हा, घरात जाऊ का, मुलांना वाचवायला हवे, असे म्हणतात. आतून मुले ओरडतात, होय, देवांसाठी, वाचवा! त्या जात नाहीत. कोरस घराच्या आत जात नाही हा रंगभूमीचा संकेत प्रेक्षकांना ठाऊक होताच. त्या संकेताचा युरिपिडीजने केलेला हा उपयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो.

कधी कोरस हेच नाटकाचे मुख्य पात्र असते. एस्किलसच्या ‘आश्रयार्थिनी’ या नाटकात डॅनौसच्या मुलींचा कोरस आहे आणि नाटक त्यांच्याच संकटाचे आहे. ‘युमेनिडीज’मध्ये आईच्या खुन्याचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवता हा कोरस आहे, आणि तिथे तर कोरस न्यायालयात वादी म्हणून उभा राहतो. या सर्वांना एकाच व्याख्येत बसवण्याचा आग्रह मी धरणार नाही. एवढे मात्र बहुतेक ठिकाणी खरे आहे की नायक मरतात आणि कोरस मागे उरतो. म्हातारे, स्त्रिया, गुलाम अशांचाच तो बहुधा असतो, म्हणजे ज्यांच्या हाती निर्णय नाही पण ज्यांना परिणाम भोगायचे आहेत त्यांचा. थोरामोठ्यांच्या विनाशाची किंमत या लोकांच्या तोंडून ऐकवणे हे कोरसचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : कोरसमध्ये व्यावसायिक गायक असत काय? त्यांचा खर्च कोण करी? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : इ.स.पू. पाचव्या शतकातील अथेन्समध्ये कोरसमधील मंडळी व्यावसायिक नव्हती, ते नगराचे सामान्य पुरुष नागरिक होते. स्त्रियांचा कोरसही मुखवटे घालून पुरुषच करीत. वसंत ऋतूतील डायोनिससच्या महोत्सवात तीन शोकात्मिकाकारांची स्पर्धा होई. आपल्याला ‘कोरस द्यावा’ अशी मागणी कवी आर्कन या अधिकाऱ्याकडे करी, आणि कोरस मिळाला म्हणजेच नाटक स्वीकारले गेले. नटांचे मानधन राज्य देई, परंतु कोरसची तालीम, पोशाख आणि इतर खर्च ‘कोरेगॉस’ म्हणून नेमलेल्या धनिकाला पदरचा करावा लागे. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’ या नाटकाचा कोरेगॉस पुढे अथेन्सचा नेता झालेला तरुण पेरिक्लीज होता. लिसिअसने लिहून दिलेल्या एका भाषणात एक नागरिक न्यायालयाला सांगतो की शोकात्मिकेच्या कोरसवर मी तीस मिना, म्हणजे तीन हजार द्राख्मे खर्च केले. त्याच सुमारास कुशल कारागिराला दिवसाला साधारण एक द्राख्मा मिळे. यावरून नगराने कोरसला किती महत्त्व दिले होते ते कळून येईल.

एस्किलसच्या काळातील बाराची संख्या सोफोक्लीजने पंधरा केली, असे परंपरा सांगते. सनईच्या जातीचे ‘ऑलोस’ हे जोडवाद्य वाजवणारा एक वादक त्यांच्या साथीला असे. पदांची कडवी जोडीने रचलेली असत. पहिल्या कडव्याचे वृत्त दुसऱ्यात अक्षरमात्रांसह जसेच्या तसे येई, आणि बहुधा चाल व पदन्यासही त्याला धरून असत. ते संगीत आज जवळजवळ सर्वस्वी नष्ट झाले आहे. युरिपिडीजच्या ‘ओरेस्टिस’मधील काही ओळींची स्वरलिपी असलेला पपायरसचा एक तुकडा उरला आहे, आणि त्यावरून फार थोडे कळते. छापील पदे वाचताना आपल्याला ती कंटाळवाणी वाटतात याचे एक कारण हेच आहे की मूळचे गाणे आणि नाच वजा करून आपण केवळ शब्द वाचत असतो.

प्रश्न : मग आपल्या परंपरेत कोरसच्या जवळचे काय आहे? सूत्रधाराला कोरस म्हणता येईल काय? आणि आमच्याकडे पंधरा माणसे नाहीत, तर किती जणांत भागेल? (पहिल्या प्रश्नाचेच वाचक)

उत्तर : सूत्रधाराला कोरस म्हणता येणार नाही. सूत्रधार नाटक सुरू करून देतो, त्याला पुढचे ठाऊक असते आणि कथेतील संकट त्याच्यावर कोसळत नाही. कोरसला पुढचे ठाऊक नसते. तमाशातील किंवा गोंधळातील झीलकरी समूहाने गातात आणि मुख्य गाणाऱ्याला दाद देतात, त्यामुळे ते काहीसे जवळचे आहेत, पण कथेतल्या गावाचे रहिवासी म्हणून ते उभे नसतात. मराठी प्रेक्षकाला सर्वांत लवकर पटेल असे उदाहरण म्हणजे १९७२ मध्ये रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधील ब्राह्मणांची रांग. ती गाते, नाचते, मानवी पडदा होते आणि त्याच वेळी पुण्याचे नगरही असते, घाशीरामाच्या उदयात आणि अंतात तिचा हात असतो. त्या रांगेवर ग्रीक छाप आहे असे मी म्हणत नाही, तिची मुळे आपल्या लोकनाट्यात आहेत. तरी आपल्या नटांना समूहाचे पात्र कसे असते हे समजावताना तिचा फार उपयोग होईल.

संख्येची चिंता करू नका. सहा-सात जणही पुरतील, मात्र त्यांना एकसारखे वागवू नका. प्रत्येकाला थीब्जमधील एक माणूस समजून त्याचे क्रेऑनशी नाते ठरवा : कोणाचा मुलगा युद्धात पडला, कोणाला राजाकडून काही हवे आहे, कोण मनातून अँटिगनीच्या बाजूचा आहे. गद्य ओळी कोरसच्या प्रमुखाला द्या, पदे सर्वांनी म्हणावीत. चाली शास्त्रोक्त रागांत बांधण्याचा मोह इंदूरकरांना होणे साहजिक आहे, पण शब्द मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचत नसतील तर ताना आवराव्यात. आणि एकदा प्रवेश केल्यावर कोरसला शेवटपर्यंत रंगमंचावरून हलवू नका, संवाद नसलेल्या प्रसंगांतसुद्धा. हेमॉन बापाशी बोलत असताना ते कोणाकडे पाहतात, याची तालीम पदांच्या तालमीइतकीच वेळ घेऊन करा.